‘खचला’ की ‘कोसळला’?

गेल्या सहामाही परीक्षेत, भूमितीच्या पेपराच्या वेळी, आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने पहिल्या प्रश्नाची आकृती अर्धी काढली, कंपास खाली ठेवला, आणि बाकावर डोके टेकून तो रडू लागला. पुष्कळ वेळ त्याचे रडे थांबेना. त्यास घरी पोहोचविल्यानंतर शिक्षकांच्या खोलीत जी चर्चा झाली, तीत तीन वाक्ये उच्चारली गेली. एक गृहस्थ म्हणाले, “मुलाने धीर सोडला.” दुसरे म्हणाले, “हा नर्व्हस ब्रेकडाउन दिसतो.” तिसरे वाक्य असे होते : “अगदी अचानक कोसळला हो!” हे तिसरे वाक्य आमचेच. या तिन्ही वाक्यांविषयी, म्हणजे स्वतःविषयीही, आमची तक्रार आहे. ती पालकांच्या व विद्यार्थ्यांच्या कानी घालावी म्हणून हा लेख.

माणूस भाराखाली मोडतो या एका गोष्टीसाठी आपल्या मायबोलीने किती शब्द घडविले आहेत, ते पाहिले म्हणजे नवल वाटते. काठी मोडते, दोरी तुटते, घागर फुटते. गरम काचेवर थंड पाणी पडले की ती तडकते. बांगडी पिचते, तेव्हा ती हातात तशीच गोल दिसत असते. चीर मात्र आतून गेलेली असते. कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यास आपण ‘पिचलेला’ म्हणतो, ते याचमुळे. तो उभा असतो, चालतो, बोलतो, आल्यागेल्याची विचारपूसही करतो. वाऱ्याने उभी ज्वारी कोलमडते. तीत मोडण्यापेक्षा तोल जाण्याचा भाव अधिक. भिंत ढासळते ती एकेक दगड सुटत जाऊन. जमीन खचते, विहिरीची कड खचते, पाया खचतो. वर काही दिसत नाही, खालचा आधार मात्र जात असतो. आणि दरड, वीज, मुसळधार पाऊस ही कोसळतात, उंचावरून आणि एकदम. दुःखाचा डोंगर कोसळतो असे आपण म्हणतो, तेथे कोसळणारा डोंगर असतो, माणूस त्याखाली सापडलेला असतो, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. इतकी संपत्ती घरात असता एका उसन्या ‘ब्रेकडाउन’वर सर्वांची बोळवण करणे आम्हांस पटत नाही. मोटारीचा ब्रेकडाउन होतो, गिरणीचा होतो; मुलाचाही तोच होतो म्हटले म्हणजे काय झाले, कोठून झाले, केव्हापासून झाले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. (हल्ली विद्यार्थी परीक्षा ‘क्रॅक’ करतात, म्हणजे तिला तडा घालून विजय मिळवितात! परीक्षेस तडा जाताना आम्ही अद्याप पाहिला नाही.)

परंतु आमचा मुख्य कटाक्ष ‘अचानक’ या शब्दावर आहे. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, त्याच दिवशी खाली असलेले खडकवासल्याचे धरणही फुटले, आणि पुण्यात मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांस ते अचानकच आले. धरणावर मात्र आदल्या दिवसापासून निराळेच दृश्य होते. मातीचा बांध खचू लागला होता, आणि लष्कराचे जवान रात्रभर त्यावर वाळूची पोती रचीत होते. अपुऱ्या राहिलेल्या कामाच्या जागी पाण्याने आतून आघात चालविला होता. म्हणजे ‘फुटले’ हा शब्द शहराचा, आणि ‘खचले’ हा धरणावर उभे असणाऱ्यांचा. दोन्ही खरे; पण उपाय करावयाचा तर तो दुसऱ्या शब्दाच्या वेळीच करावा लागतो.

आमच्या विद्यार्थ्याविषयी आम्ही शहरातल्यांसारखे बोललो. वास्तविक आम्ही धरणावर उभे होतो. त्या दिवशी सायंकाळी आम्ही त्याच्या वह्या काढून पाहिल्या. जूनमधील अक्षर मोठे व मोकळे. ऑगस्टमध्ये ते बारीक होऊ लागलेले. सप्टेंबरात खाडाखोड इतकी, की पान फाटले होते. मधल्या सुटीत त्याचा डबा न उघडताच परत जात असे, हे शिपायास ठाऊक होते. आणि प्रगतिपुस्तकात आमच्या हातचा शेरा : ‘अभ्यासाकडे दुर्लक्ष करतो.’

आता पहिल्या वाक्याकडे वळू. येथे व्याकरण थोडे उपयोगी पडेल. विद्यार्थ्यांनी कंटाळू नये. ‘धीर सुटला’ आणि ‘धीर सोडला’, ‘हातपाय गळाले’ आणि ‘हातपाय गाळले’, या जोड्यांत पहिले क्रियापद अकर्मक, दुसरे सकर्मक. सुटण्यात व गळण्यात माणसावर काही ओढवते. सोडण्यात व गाळण्यात तो स्वतः कर्ता होतो, आणि कर्ता झाला की दोषीही होतो. एका अक्षराच्या फरकाने आपण मुलास आजाऱ्याच्या खाटेवरून उचलून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. धीर सोडणारे लोक जगात नाहीत असे आमचे म्हणणे नाही. पण कोणी सोडला व कोणाचा सुटला हे कळेपर्यंत अकर्मक क्रियापद वापरावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. घरी, जेवताना, पाहुण्यांसमोर मुलाविषयी बोलताना तर विशेषच. कारण ते ऐकणारा शेजारच्या खोलीत असतो.

पवित्र शास्त्रात, पहिल्या राजांच्या एकोणिसाव्या अध्यायात, एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. कर्मेल डोंगरावरील मोठ्या विजयानंतर लागलीच हे घडते, हे पहिल्या येणाऱ्या मुलांच्या पालकांनी विसरू नये. देवदूत येतो तो उपदेश करीत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे ठेवतो. एलीया खातो व पुन्हा निजतो. देवदूत पुन्हा येतो व पुन्हा खाऊ घालतो. ‘तू येथे काय करीत आहेस?’ या अर्थाचा प्रश्न त्यास विचारला जातो, तो पुढे चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर. गीतेच्या आरंभी अर्जुनाचेही तोंड कोरडे पडते, अंगास कंप सुटतो, हातातून गांडीव गळते. तेथे उपदेश लवकर सुरू होतो खरा. पण अर्जुन उपाशी होता असे कोठे म्हटलेले नाही. आमच्याकडे पालक व शिक्षक मिळून गीता आधी सांगतात आणि भाकर मागाहून, तीही गुण पाहून.

तो विद्यार्थी दिवाळीच्या सुटीनंतर शाळेत परत आला आहे. तिसऱ्या बाकावर बसतो. डबा उघडतो, कधी अर्धा खातो, कधी सगळा. भूमितीची वही त्याने अद्याप दाखविलेली नाही व आम्ही मागितलेली नाही. प्रगतिपुस्तकातील जुना शेरा आम्ही खोडला आहे. त्या जागी काय लिहावे हे अजून ठरलेले नाही. त्याच्या वडिलांनी विचारले, तेव्हा रकाना कोरा ठेवूनच आम्ही पुस्तक त्यांच्या हाती दिले.