हौस चालवणाऱ्याची, सीट मागच्यांची

आपल्या वस्त्यांतही आता, हप्त्यावर का होईना, मोठ्या गाड्या दिसू लागल्या आहेत. मुलगा म्हणतो, चालवायला मजा आली पाहिजे. आई म्हणते, मागे ऐसपैस बसता आले पाहिजे. मुलाची हौस उधळेपणाची मानू नये. हप्ते तोच फेडणार आहे.

ह्युंदाई क्रेटा आणि चाकणला बनणारी स्कोडा कुशाक यांचेच पाहा. क्रेटाचे साधे पेट्रोल इंजिन १.५ लिटरचे, कुशाकचे लहान टर्बो १ लिटरचे. ताकद दोन्हींची ११५ पीएस. पण क्रेटाचा पुरा जोर, १४४ न्यूटनमीटर, मिनिटाला ४५०० फेऱ्यांवर मिळतो. कुशाकचा १७८, तोही १७५० फेऱ्यांपासून. घाटात ट्रकला मागे टाकताना हा फरक पायाला कळतो. वळणावर कुशाक कमी झुकते, म्हणून मागच्यांचे डोकेही कमी गरगरते. मात्र मागे तीन मोठी माणसे रोज बसणार असतील तर क्रेटाच बरी. कुशाकमध्ये मधल्याचे हाल होतात.

२०२२ च्या ग्लोबल एनकॅप चाचण्यांत कुशाकला ५ तारे मिळाले, तेव्हाच्या क्रेटाला ३. क्रेटा २०२४ मध्ये बदलली, हेही ध्यानात घ्यावे.

चाचणीला एकट्याने जाऊ नका. आजीला मागे बसवा, आपल्याच गल्लीतल्या गतिरोधकावरून गाडी न्या.

आता हिशेब. १० लाख कर्ज, ९ टक्के व्याज: ५ वर्षांत व्याज सुमारे २ लाख ४५ हजार, ७ वर्षांत ३ लाख ५१ हजार. ५ वर्षांचा हप्ता, सुमारे २०,७५० रुपये, झेपत नसेल तर सनरूफवाले मॉडेल सोडून खालचे घ्या. इंजिन तेच मिळते.