देवासच्या टेकडीखालचे कुमारजी

‘मनस्वी’ हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी वापरतात. माणूस समोर असताना तक्रार म्हणून आणि तो गेल्यावर कौतुक म्हणून. पंडित कुमार गंधर्वांच्या वाट्याला दोन्ही आले. १२ जानेवारी १९९२ ला ते देवासला गेले, तेव्हा आपल्यापैकी बरेचजण पाळण्यात होते, काहीजण तर जन्मायचे होते. त्यामुळे आपल्या पिढीला ते भेटले ते रेकॉर्डिंगमधून आणि घरातल्या मोठ्यांच्या आठवणींतून.

मंडळी, एक गोष्ट आधी सांगायला हवी. कुमारजी माळव्याचे नव्हतेच. जन्म ८ एप्रिल १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ, घरची भाषा कन्नड. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब तसंच गायचे, म्हणून तर ‘कुमार गंधर्व’. पुढे मुंबईत प्रो. बी. आर. देवधरांकडे शिकले. सगळ्यांची नक्कल करू शकणारा हा मुलगा पुढे कुणासारखाच गायला नाही, याची मला फार गंमत वाटते.

मध्ये आला क्षय. १९४७ मध्ये लग्न झालं आणि १९४८ च्या जानेवारीअखेर, कोरड्या हवेसाठी, ते देवासला आले. गाणं बंद. बिछान्यावर पडून राहायचं. पत्नी भानुमतीताई स्वतः गायिका. त्यांनी शाळेत नोकरी करून घर चालवलं, शुश्रूषा केली. कुमारजींच्या मोकळेपणाबद्दल बोलताना हे नाव मागे राहतं, ते राहू नये.

धारला पवारांनी वसईच्या रघुनाथ फडक्यांना बोलावून घेतलं होतं. गिरगाव चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा घडवणारे तेच शिल्पकार फडके. ते राजाच्या निमंत्रणावरून आले, कुमारजींना आजारानं आणलं. पण दोघंही इथलेच होऊन गेले.

पाच-सहा वर्षं गाता येत नव्हतं, तेव्हा कुमारजी ऐकत राहिले. दारावरून जाणारे जोगी, त्यांची निर्गुणी भजनं, बायकांची लग्नाची, सणांची, पावसाळ्याची गाणी. आपल्या मराठी घरांना माळव्यात येऊन अडीचशे-तीनशे वर्षं होत आली. माळवी गाणं आपल्या अंगणात रोज येत होतं, पण बहुतेक घरांत ते अंगणातच राहिलं. ‘हे काय, खेडवळ’ एवढ्यावर विषय संपायचा. अंथरुणाला खिळलेल्या या कानडी माणसानं मात्र ती गाणी टिपून घेतली, त्यांच्या चाली स्वरलिपीत उतरवल्या. चार-पाच स्वरांच्या त्या चालींत त्यांना रागांची बीजं दिसली. त्यातूनच त्यांचे धुनउगम राग आले. मालवती, सहेली तोडी, लगनगंधार ही त्यांतली काही नावं. १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ हा बंदिशींचा ग्रंथ निघाला.

नव्यानं मिळू लागलेल्या स्ट्रेप्टोमायसिननं ते बरे झाले आणि १९५३ मध्ये पुन्हा मैफलीत बसले. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालेलं. लांब श्वासाची गायकी शक्य नव्हती, म्हणून लहान, टोकदार स्वरवाक्यं आली. जाणकारांनी नाकं मुरडली. घराणं कुठलं, हा प्रश्न तर आयुष्यभर पाठीस होता. मुक्त माणूस म्हणजे मनाला येईल ते करणारा, असं आपण समजतो. पण एकेक लोकधून कागदावर उतरवत बसायला केवढी चिकाटी लागते! १९६१ मध्ये भानुमतीताई बाळंतपणात गेल्या. नंतर वसुंधराताई संसारात आल्या आणि गाण्यातही. निर्गुणी भजनांत त्यांचा आवाज कुमारजींच्या आवाजाला लागूनच असतो.

१९९० मध्ये पद्मविभूषण मिळाला. मुंबई-पुण्यात त्यांचे चाहते होते, पण राहिले शेवटपर्यंत देवासलाच.

नव्यानं ऐकणाऱ्यांनी भजनांनी सुरुवात करावी. मग माळव्याची लोकगीतं. ख्याल सावकाश, घाई नको. ग्वाल्हेरचे राजकवी तांबे आवडत असतील, तर ‘तांबे गीत रजनी’ आहेच. आणि देवासला चामुंडा-तुळजाभवानीच्या टेकडीवर जाल, तेव्हा पायथ्याशी ‘भानुकुल’ कुठे, ते विचारा. घराला नाव भानुमतीताईंचं आहे.