उलटे कोणाचे आणि सुलटे कोणाचे?

गेल्या दिवाळीच्या सुटीत मडगावास पुतण्याच्या घरी एक प्रसंग घडला. प्रसंग क्षुल्लक आहे. परंतु त्यातून उभा राहिलेला प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही, म्हणून तो वाचकांपुढे मांडीत आहे. पुतण्याच्या मुलाने टीव्हीवर नवा व्हिडिओ गेम लावला आणि मोठ्या कौतुकाने कंट्रोलर माझ्या हाती दिला. समोर डोंगर, माथ्यावर शत्रू. वर पाहण्यासाठी मी उजव्या अंगठ्याखालची दांडी सवयीप्रमाणे मागे ओढली, तो आमचा नायक आपल्या पायांकडे पाहू लागला! पुन्हा ओढली, पुन्हा जमीनच. तेवढ्यात वरून गोळी आली आणि खेळ संपला.

"आजोबा, तुम्ही उलटं करता," मुलगा हसत म्हणाला.

"असेल. मग सेटिंगमध्ये जाऊन फिरवून दे," मी म्हणालो.

त्याने सगळी पाने धुंडाळली. रंग बदलता येत होते, आवाज बदलता येत होता, नायकाच्या अंगरख्याची कडदेखील बदलता येत होती. एवढीच एक गोष्ट बदलता येत नव्हती. शेवटी तो म्हणाला, "यात नाहीच आहे ते. तुम्हीच सरळ शिका ना, आजोबा!"

मुलाचा दोष नाही. त्याच्या हाती जो शब्द आला तोच त्याने वापरला. माझे भांडण त्या शब्दाशी आहे, आणि तो शब्द ज्यांनी प्रचारात आणला त्या जाणत्या मंडळींशी आहे. कारण 'सरळ' हा शब्द एकदा मान्य केला की पुढचा सगळा वाद आपण न लढताच हरतो.

ज्या वाचकांना हे खेळ अपरिचित आहेत त्यांच्यासाठी मूळ गोष्ट थोडक्यात सांगतो. प्रथमपुरुषी खेळात नायक आपल्याला दिसत नाही. नायकाला जे दिसते तेच आपल्याला दिसते. फार तर हातातले शस्त्र आणि पडद्याच्या मधोमध नेमाची खूण, एवढेच काय ते त्याचे स्वतःचे. डाव्या दांडीने चालावयाचे आणि उजव्या दांडीने नजर व नेम फिरवावयाचा. आता दांडी पुढे लोटली की नजर वर जावी, ही एक रीत; तिला 'स्टँडर्ड' म्हणतात. दांडी पुढे लोटली की नजर खाली जावी आणि मागे ओढली की वर जावी, ही दुसरी. तिला 'इन्व्हर्टेड', म्हणजे उलटी, असे नाव पडले आहे. पहिली रीत पाळणारे संख्येने फार, दुसरी पाळणारे थोडे. यापलीकडे त्या दोन नावांना कोणताही आधार नाही, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

वाचकांनी क्षणभर तो कंट्रोलर डोळ्यांपुढे आणावा. तो मांडीवर आडवा धरलेला असतो. त्यावरची दांडी 'वर' जातच नाही. ती पुढे जाते किंवा मागे येते. 'पुढे म्हणजे वर' हा दांडीचा धर्म नव्हे. तो खेळ करणाऱ्याने ठरविलेला संकेत आहे. आता आपली मान पाहा. डोके पुढे झुकविले की नजर कोठे जाते? जमिनीकडे. मागे टाकले की? आकाशाकडे. दांडी म्हणजे नायकाची मान, असे ज्याने मनात धरले त्याला पुढे लोटल्यावर खाली दिसणे हेच सरळ वाटणार. दांडी म्हणजे पडद्यावरची नेमाची खूण, असे ज्याने धरले त्याला पुढे म्हणजे वर हे सरळ वाटणार. एक मान हलवितो, दुसरा खूण हलवितो. दोघांच्याही मनातले चित्र पूर्ण आहे, सुसंगत आहे. यात उलटे कोणाचे?

यावर एक हुशार प्रतिप्रश्न नेहमी केला जातो: "मग उजवी-डावी का उलटी करीत नाही?" काही जण करतातही, त्यांचा विचार पुढे करू. परंतु बहुतेकांच्या मनात जे चित्र असते त्यात तशी गरजच उत्पन्न होत नाही. विमानाची दांडी मागे ओढली की नाक वर उचलते, पुढे लोटली की खाली जाते, आणि उजवीकडे लोटली की विमान उजवीकडेच कलते. त्या दांडीला आजवर कोणी विसंगत म्हटलेले नाही.

हातातील वस्तू एका दिशेला न्यावी आणि फळ दुसऱ्या दिशेला मिळावे, यात अनैसर्गिक काही नाही, हे समुद्राकाठी राहणाऱ्यांना तरी सांगावयास नको. साळ नदीच्या मुखाशी बेतूलला होडीच्या मागच्या टोकाला बसलेला माणूस सुकाणूचा दांडा डावीकडे लोटतो आणि होडीचे तोंड उजवीकडे वळते. आज दांड्याच्या जागी बऱ्याच होड्यांना मागे लावलेले यंत्र आले आहे, पण त्याचीही मूठ तशीच फिरते. त्या माणसाला कोणी 'उलटा' म्हणत नाही. मोठ्या जहाजांवर तर याहून मौजेची गोष्ट होती. १९१२ साली टायटॅनिक जहाजावर हिमनग दिसताच सुकाणू उजवीकडे घालण्याचा हुकूम सुटला आणि जहाज डावीकडे वळले. कारण जुन्या रिवाजाप्रमाणे हुकूम दांड्याचा असे, जहाजाच्या तोंडाचा नसे. पुढे १९३०च्या दशकात राष्ट्राराष्ट्रांनी विचारविनिमय करून तो रिवाज बदलला. जहाजावर एकच हुकूम अनेकांनी ऐकावयाचा असतो, म्हणून तेथे एक रीत ठरविणे भागच होते. परंतु माझ्या हातातल्या कंट्रोलरवर दुसऱ्या कोणाचा हात आहे? माझ्या रीतीने कोणाचे जहाज बुडणार आहे?

आता इतिहासाकडे वळू. १९९२ चा 'वुल्फेन्स्टाइन ३डी' आणि १९९३ चा 'डूम' या खेळांत वर-खाली पाहताच येत नसे. त्यामुळे हा वाद निर्माणच झाला नाही. १९९६ च्या 'क्वेक'मध्ये माउसने चोहीकडे पाहता येऊ लागले, आणि त्याच खेळाच्या निवडीच्या पानावर माउस उलटा करण्याची सोयही होती. ती कशी साधली होती? माउस हलला की नजर किती वर-खाली व्हावी, हे ठरविणारा एक आकडा त्या खेळात आहे: ०.०२२. सोय निवडली की त्या आकड्यामागे उणे चिन्ह लागते. बस्स, एवढेच! एक उणे चिन्ह. ज्यांना ते देणे आज परवडत नाही असे सांगितले जाते त्यांनी हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवावा.

२००१ मध्ये 'हेलो' हा खेळ आला. त्याच्या आरंभी नायक दीर्घ निद्रेतून जागा होतो आणि एक तंत्रज्ञ त्याच्या चिलखताची तपासणी करतो. तपासणीच्या निमित्ताने तो नायकाला दिव्यांकडे पाहावयास लावतो आणि कोणती रीत बरी वाटते ते विचारून घेतो. 'उलटे' हा शिक्का मारून घ्यावा लागत नाही, सेटिंगचे पान हुडकावे लागत नाही. खेळच यजमानाप्रमाणे विचारतो, 'आपल्याला कसे हवे?' पुढे २००५ च्या एक्सबॉक्स ३६० मध्ये ही आवड खेळाडूच्या खात्यातच नोंदवून ठेवता येऊ लागली, आणि २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्येही तशी नोंद करता येते. म्हणजे मार्ग माहीत नव्हता असे नाही. माहीत असलेला मार्ग जे सोडून देतात त्यांना आम्ही दोष देतो.

प्रतिपक्षाचे आक्षेप मी जाणतो. पहिला असा की, बहुसंख्यांनी कौल दिला आहे, तेव्हा थोड्यांनी वळण बदलावे. बहुसंख्य लोक उजव्या हाताने लिहितात. एके काळी डावखुऱ्या मुलांच्या हातावर पट्टी मारून त्यांना उजव्या हाताने लिहावयास लावीत, आणि त्यालाही 'सरळ शिकविणे' म्हणत. आज त्या गुरुजींचे समर्थन कोणी करील का? शिवाय बहुमताचे 'नैसर्गिक' किती लवकर पालटते हेही पाहण्यासारखे आहे. २०११ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या संगणकांवर पान सरकविण्याची दिशाच फिरविली आणि त्या नव्या दिशेला 'नैसर्गिक' असे नाव दिले. आदल्या दिवसापर्यंतचे नैसर्गिक एका रात्रीत अनैसर्गिक झाले! तरीही त्या कंपनीने जुनी दिशा परत मिळविण्याची खूण सेटिंगमध्ये ठेवली, हे तिच्या पदरी पुण्य.

दुसरा आक्षेप खर्चाचा. उणे चिन्ह फुकट असले तरी चाचणी फुकट नसते, प्रत्येक सोयीगणिक खेळ पुन्हा तपासावा लागतो, असे काम करणारे सांगतात. यात तथ्य आहे. दुर्बिणीतून नेम धरताना, पोहताना, वाहन चालविताना ती रीत सर्वत्र नीट चालते की नाही हे पाहावे लागते. परंतु अंगरख्याच्या कडेचे रंग तपासावयास ज्यांना वेळ मिळाला त्यांच्या तोंडी हा आक्षेप शोभत नाही. कड बदलली नाही तर खेळ थोडा कमी सुंदर दिसेल. नजर बदलता आली नाही तर माझ्यासारख्याला तो खेळ खेळताच येत नाही. पैसे मोजलेले, वेळ काढलेला, मुले बोलावीत आहेत, आणि आपण मात्र बाजूला बसून टाळ्या वाजवावयाच्या!

तिसरा आक्षेप सर्वांत गोड भाषेत येतो: "ही जुन्या लोकांची सवय आहे, विमानांच्या खेळांतून लागलेली, ती त्यांच्याबरोबर जाईल." येथे मला एक कबुली दिली पाहिजे. अनेक वर्षे मीही हेच कारण सांगत असे. तरुणपणी संगणकावर विमानाचा खेळ खेळलो, तेव्हापासून हाताला हे वळण पडले, अशी माझी समजूत होती, आणि तिचा मला थोडा अभिमानही होता. परंतु ब्रिटनमधील ब्रुनेल विद्यापीठाच्या संशोधकांनी या प्रश्नाचा जो अभ्यास केला आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध केला, त्याने ही समजूत डळमळीत झाली. आपण उलटे का करतो याची लोक जी कारणे सांगतात, म्हणजे पहिला खेळ कोणता, विमान चालविले की नाही वगैरे, त्यांवरून कोण कोणती रीत धरील हे सांगता येत नाही, असे त्यांना आढळले. अधिक संबंध दिसला तो मनातल्या मनात वस्तू किती झटकन फिरविता येते यासारख्या गोष्टींशी. जे यात झटपट होते ते सहसा उलटी रीत धरीत नव्हते. पण झटपट असणारे अधिक अचूक होते असे मात्र नव्हे.

म्हणजे माझा अभिमान गेला, पण माझी बाजू बळकट झाली. सवय असती तर 'मोडा' म्हणता आले असते. परंतु गोष्ट जर पाहण्याच्या आणि जागेचे भान ठेवण्याच्या प्रत्येकाच्या घडणीत रुजलेली असेल, तर ती म्हाताऱ्यांबरोबर जाणार नाही. आज पाळण्यात असलेल्या मुलांतही काही जण दांडी मागे ओढूनच आकाश पाहतील, आणि त्यांनाही कोणीतरी 'सरळ शिका' म्हणेल. त्याच संशोधकांचा सल्ला असा की प्रत्येकाने दुसरी रीत काही तास प्रयत्नपूर्वक वापरून पाहावी. सल्ला उत्तम आहे आणि मी तो पाळणार आहे. पण पाहावयाचे कसे? ज्या खेळात दुसरी रीतच नाही तेथे प्रयोग होत नाही, सक्ती होते.

न्यायाने बोलावयाचे तर आमच्या पक्षातील काही वीरांनाही दोन शब्द ऐकविले पाहिजेत. विमान असे चालते, मान अशी झुकते, म्हणून आमचीच रीत खरी आणि बाकीचे अडाणी, असे म्हणणारे आमच्यातही आहेत. ज्या शिक्क्याने आपण पोळलो तोच दुसऱ्याच्या पाठीवर उठविण्यात पुरुषार्थ नाही. माझ्या पुतण्याचा मुलगा पडद्यावरची खूण हलवितो आणि अचूक नेम साधतो. तो चुकीचा आहे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही.

मागणे फार नाही. वर-खाली आणि उजवी-डावी या दोहोंची निवड वेगवेगळी असावी. विमान उडविताना एक रीत आणि पायी चालताना दुसरी रीत धरणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या गळ्यात दोहोंसाठी एकच खूण बांधू नये. माउस आणि दांडी यांची निवडही निराळी ठेवावी. पहिली गोळी सुटण्यापूर्वी खेळाने एकदा विचारावे. आणि 'सरळ' व 'उलटे' ही नावे काढून टाकून, दांडी पुढे लोटली असता नजर वर जावी की खाली जावी, एवढेच साध्या शब्दांत लिहावे.

पुतण्याच्या मुलाला मी त्या रात्री एवढेच समजावून सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकले, डोके आधी पुढे आणि मग मागे झुकवून पाहिले, आणि म्हणाला, "खरंच की, आजोबा. पण मग त्यांनी ठेवलं का नाही?" या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते ज्यांनी द्यावयाचे त्यांनी द्यावे.