चोवीस गुरूंचा दत्त आणि एका गुरूचा वर्ग

मार्गशीर्षी पौर्णिमेला चौलच्या दत्ताच्या डोंगरावर यात्रा भरते. गेल्या यात्रेंत पायऱ्या उतरतांना मुंबईचे एक आयकिडो-शिक्षक भेटले. आपल्या वर्गांतील एक मुलगा सुटींत दुसऱ्या शिक्षकाकडे सराव करून आला, म्हणून त्याला काढून टाकल्याचें त्यांनीं मोठ्या अभिमानानें सांगितलें. मुलगा चौलचाच, आणि माझा विद्यार्थी. “विद्येला एकच गुरु हवा,” असें हे गृहस्थ म्हणाले. परंपरा ज्याला दत्तात्रेय मानते, त्या अवधूतानें चोवीस गुरु केल्याची कथा भागवताच्या एकादश स्कंधांत आहे. त्यांत पृथ्वी आहे, अजगर आहे, बाण घडविणारा कारागीर आहे, पिंगला वेश्याही आहे. नुकताच त्याच दैवतापुढें नारळ ठेवून आलेल्या मनुष्यानें असें बोलावें, याचें मला हसूं आलें. नंतर मात्र राग आला.

निष्ठेचा हा आग्रह त्या विद्येच्या जन्मदात्यानेंही मानला नव्हता. मोरिहेइ उएशिबा (१८८३–१९६९) यांनीं सोकाकु ताकेदांची दाइतो-र्यू युयुत्सु आत्मसात् केली ती इतर विद्यांचा अभ्यास झाल्यावर. ज्यूदोचे संस्थापक जिगोरो कानो यांचें उदाहरण तर याहून बोलकें आहे. १८८२ सालीं स्वतःचें कोदोकान स्थापन करणाऱ्या या पुरुषानें १९३० सालीं उएशिबांचें कसब पाहिलें आणि आपले निवडक शिष्य त्यांच्याकडे शिकावयास पाठविले. स्वतःच्या संप्रदायाचा प्रमुख असून शिष्याला दुसऱ्याच्या दारीं पाठविण्यास जें मोठें मन लागतें, तें आमच्या वर्गचालकांपाशीं कोठून असणार? त्यांना शिष्य हवा असतो तो महिन्याच्या फीसह, अखंड.

परंतु खरा मुद्दा मनाच्या मोठेपणाचा नाहीं, हाताचा आहे. आयकिडोंत एक जण मनगट धरतो, दुसरा त्याचा तोल काढून त्याला पाडतो. रोज तोच जोडीदार असला म्हणजे वर्षभरांत एक गंमत होते: पाडणाऱ्याचा हात हलण्यापूर्वींच पडणारा पडूं लागतो! तो लबाडी करीत नसतो. संवयीनें त्याच्या अंगांत सौजन्य मुरलेलें असतें. बहुतेक आयकिडो-परंपरांत स्पर्धा नाहींत, त्यामुळें हें सौजन्य उघडकीस येत नाहीं. कुस्तींत तें मैदानांत माती लागतांच उघडें पडतें. येथें तो न्याय करावयाचा कोणीं? अनोळखी मनगटानें. जाड, घामट, आखूड, हट्टी, नवशिक्याचें भेदरलेलें अशीं नाना प्रकारचीं मनगटें धरल्यावांचून आपली विद्या खरी कीं समोरच्याची भीड खरी, हें कळावयाचें नाहीं. शिक्षकांचेंही तसेंच. एक कोपरावर भर देतो, दुसरा पावलांवर, तिसरा श्वासावर; आणि पहिल्याचें बोलणें पुष्कळदां तिसऱ्याकडे गेल्यावर उमगतें.

खाशाबा जाधव लहानपणीं गोळेश्वरच्या मातींत वडिलांच्या हाताखालीं कुस्ती शिकले. पुढें बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचें मार्गदर्शन त्यांना मिळालें, आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळीं रीस गार्डनर या अमेरिकन मल्लानें त्यांची तयारी करून घेतली. माती सोडून मॅटवर उतरलेल्या या तरुणानें तेथें सहावा क्रमांक मिळविला, आणि १९५२ सालीं हेलसिंकीला कांस्यपदक. त्यांतला कोणता गुरु कमी करावयाचा, हें मला कोणीं सांगावें.

अगदीं कोवळ्या विद्यार्थ्यानें पहिलीं दोन वर्षें एका हाताखालीं काढावीं, हें मला मान्य आहे. पाया घालतांना गवंडी बदलूं नये. पण माझा विद्यार्थी चार वर्षें शिकलेला होता. गुरूला सोडूनही तो गेला नव्हता. सुटी संपतांच परत आला होता, आणि नवें कांहीं शिकून आल्याच्या आनंदांत तें त्यानें स्वतःच गुरूंना सांगितलें होतें. सध्यां तो कोणत्याच वर्गांत जात नाहीं. सुटींत घरीं आला कीं रेवदंड्याच्या वाळूंत एकटाच पडण्याचा सराव करतो. धरावयाला समोर मनगट नसतें.