लीच्या काठी जाताना

'गुइलिन' या नावाचा अर्थ सुगंधी ओस्मॅन्थस वृक्षांचे वन. दक्षिण चीनच्या ग्वांगशी प्रदेशातील या नगरातून ली नदी वाहते. तिच्या दुतर्फा चुनखडीचे हिरवे सुळके उभे आहेत. चीनच्या २० युआनच्या नोटेवर त्यांचेच दृश्य छापलेले आहे. गुइलिन ते यांगश्वो हा सुमारे ८३ किलोमीटरचा नौकाप्रवास चार-पाच तासांचा असतो. आई-वडिलांसह तेथे जाणाऱ्या कुटुंबांसाठी चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट माशांची. ग्वांगशीच्या काही भागांत गोड्या पाण्यातील मासे कच्चे खाण्याची रीत आहे. अशा माशांतून यकृतातील चपटा कृमी, म्हणजे लिव्हर फ्लूक, शरीरात शिरतो. तो पित्तनलिकांत वर्षानुवर्षे राहतो आणि आरंभी बहुधा कोणतेही लक्षण दिसत नाही. पुढे मात्र पित्तनलिकांचा दाह, खडे, क्वचित कर्करोगही संभवतो. व्हिनेगर, लसूण किंवा मद्य यांनी हा कृमी खात्रीने मरत नाही. मासा आतपर्यंत शिजवणे हाच उपाय. यांगश्वोचा प्रसिद्ध 'बिअर फिश' शिजवलेला असतो. तो गरम असतानाच निःशंक खावा.

नळाचे पाणी पिऊ नये. उकळलेले गरम पाणी पिण्याची चिनी सवय येथे आपल्या उपयोगी पडते. हॉटेलात किटली असतेच. तांदळाच्या शेवयांवर, म्हणजे मिफनवर, अनेकदा शेंगदाणे घालतात आणि तिचा रस्सा हाडांचा असतो. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी व शाकाहारींनी आपली अडचण चिनी लिपीत लिहून जवळ ठेवावी.

एप्रिल ते जून हा पावसाचा काळ, त्यानंतर दमट उकाडा. लोंगजीच्या भातखाचरांवर पायऱ्या पुष्कळ आहेत आणि रीड फ्लूट गुहेतील वाट ओलसर असते. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्यावी, बुटांचे तळवे खरखरीत असावेत. हृदयविकार असल्यास चढण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चढताना छातीत दाब जाणवला, तर तेथेच थांबावे आणि १२० या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

रक्तदाबाची व मधुमेहाची औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत. सोबत औषधांची मूळ नावे लिहिलेली चिठ्ठी असावी.

परतल्यावर ताप, कावीळ किंवा उजव्या बरगडीखाली दुखणे उद्भवले, तर डॉक्टरांना प्रवासाची व तेथे खाल्लेल्या माशाची माहिती आवर्जून द्यावी. कच्चा मासा खाल्ला असेल, तर लक्षणे नसली तरी काही आठवड्यांनी शौचाची तपासणी करून घ्यावी. या कृमीवर परिणामकारक औषध आहे. निदान मात्र वेळेवर व्हायला हवे.