नोंदीला पावती हवी

परभणी, सेलू, मानवत येथील मोंढ्यात आडत सांभाळणाऱ्या घरांतील मुले आता संगणकशास्त्राची पदवी घेऊन पुण्यात नोकरी शोधतात. अनुभव नसल्याच्या चिंतेने काहींना विकत मिळणाऱ्या अनुभवपत्राचा मोह पडतो. हा व्यवहार बुडीत आहे. २०२२ मध्ये ॲक्सेंचरने भारतात बनावट कंपन्यांची अनुभवपत्रे देणाऱ्या कर्मचाऱ्यांना कामावरून काढले. भविष्यनिर्वाह निधीच्या १२ अंकी यूएएन क्रमांकावरून पूर्वीची नोकरी पडताळता येते.

नवोदिताचा बायोडाटा एका पानाचा असावा. त्यात जावा, पायथॉन अशा नावांची नुसती जंत्री नको. त्यांतून काय घडविले ते लिहावे. वडिलांच्या पेढीसाठी आवक, तोलाई, हमाली यांचा हिशेब करून शेतकऱ्याची पट्टी काढणारा प्रोग्राम लिहिला असेल, तर तो खरा अनुभवच होय. तो कोण वापरतो, रोज किती पट्ट्या निघतात, किती वेळ वाचतो, हे आकड्यांत मांडावे. शेतकऱ्यांची नावे व रकमा काढून तो गिटहबवर ठेवावा आणि त्याचा दुवा द्यावा. मुलाखतीत उलगडून सांगता येणार नाही असा शब्द वगळावा.

जमाखर्चात पावतीविना नोंद करीत नाहीत. बायोडाटातही करू नये. पेढीप्रमाणे नोकरीतही पहिले भांडवल पतच असते.