गोष्ट अर्धी ठेवा

मैत्रिणींनो, ‘आमचा मुलगा पुस्तकाला हातच लावत नाही हो!’ ही तक्रार तुमचीही आहे ना? माझ्या वर्गात चौथीतली मुलं बेरीज-वजाबाकी चोख करतात, पण शाब्दिक उदाहरण आलं की अडतात. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवातच विसरलेली असते!

वाचनासाठी वेगळा तास नेमू नका. तो चार दिवसांत मोडतो. आपण संध्याकाळी भाजी निवडतो, शेंगा सोलतो, तेव्हाच वाचून दाखवायचं काम मुलाकडे द्या. अडखळला तर शब्द हळूच सांगा. आणि ‘यातून काय बोध घेतलास?’ हे मुळीच विचारू नका. परीक्षा शाळेत होतेच की!

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त ४२ रात्री आहेत. निजताना रोज एक वाचलीत, तर दीड महिना पुरते. (डोळे आपलेच आधी भरतात, ते सोडा.) खोडकर मुलांना मात्र भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या. हा तुम्ही वाचा, आणि तो ऐन संकटात सापडला की ‘अगंबाई, दूध उतू जाईल!’ म्हणून खुशाल उठा. पुस्तक तिथंच उघडं राहू द्या.

खर्चाचं म्हणाल, तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ साली सुरू झालं. त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट मिळतात. तरी लहानांच्या हाती छापील अंकच बरा. रद्दीवाल्याकडे चौकशी करा. थोडी घासाघीस करावी लागेल, इतकंच.